क्लॉकसाठी कंपॅरेटर निवडताय? या चुका टाळा

१० मेगाहर्ट्झच्या रेफरन्स ऑसिलेटरची साइन वेव्ह घ्यायची आणि कंपॅरेटरने, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करून हाय किंवा लो आउटपुट देणाऱ्या चिपने, मायक्रोकंट्रोलरला चालेल असा ३.३ व्होल्टचा चौकोनी क्लॉक काढायचा, तोही कमी करंटमध्ये. काम किरकोळ वाटतं, म्हणून ड्रॉवरमधला एलएम३९३ कंपॅरेटर लावला जातो. तो इथे चालणारच नाही. कमी ओव्हरड्राइव्हवर (इनपुट थ्रेशोल्डच्या, म्हणजे तुलनेच्या पातळीच्या, जितकं पलीकडे जातं ते व्होल्टेज) त्याचा रिस्पॉन्स टाइम मायक्रोसेकंदाच्या घरात जातो, आणि आपल्या क्लॉकचा अर्धा पीरियड आहे जेमतेम ५० नॅनोसेकंद. त्यात आउटपुट ओपन कलेक्टर, म्हणजे ते फक्त खाली खेचतं; वर नेायला सप्लायला जोडलेला पुल-अप रेझिस्टर लागतो. ४.७ किलोओहमचा पुल-अप आणि ३० पिकोफॅरड लोड धरला, तर वर चढणारी एज एकटीच ३०० नॅनोसेकंद खाते. पुल-अप ४७० ओहमवर आणला तर आउटपुट लो असताना ७ मिलिअँपिअर वाहतात, मग लो-पॉवर कसलं? वर-खाली दोन्हीकडे स्वतः खेचणारं पुश-पुल आउटपुटच घ्या.

पुढची चूक डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या डिलेच्या (इनपुट बदलल्यापासून आउटपुट बदलेपर्यंतचा वेळ) आकड्यावर भुलण्याची. डिले स्थिर असेल तर क्लॉकला तो फारसा नडत नाही. नडतो तो बदलता डिले. एलटी१७१९ या वेगवान कंपॅरेटरचं उदाहरण घ्या: २० मिलिव्होल्ट ओव्हरड्राइव्हला ४.५ नॅनोसेकंद, ५ मिलिव्होल्टला ७. म्हणजे सिग्नलची पातळी हलली की एजही हलणार. चढत्या-उतरत्या एजच्या डिलेमध्ये फरक असेल तर ड्युटी सायकल (पीरियडमधला हायचा वाटा) बिघडते, तेही पाहून घ्या.

जिटरचा, म्हणजे एजच्या वेळेतल्या थरथरीचा, दोष मात्र बऱ्याचदा उगाच चिपवर ढकलला जातो. हिशोब साधा आहे: नॉइज भागिले थ्रेशोल्ड ओलांडतानाचा स्लू रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग). ५० ओहमवर ० डीबीएम (१ मिलिवॉट) म्हणजे ३१६ मिलिव्होल्ट पीक. १० मेगाहर्ट्झला तिथे स्लू रेट सुमारे २० मिलिव्होल्ट प्रति नॅनोसेकंद. १ मिलिव्होल्ट आरएमएस नॉइज असेल तर जिटर ५० पिकोसेकंद. तोच सिग्नल २० डीबीने, म्हणजे व्होल्टेज दहावा हिस्सा होऊन, आला तर ५००! अशा वेळी महागडा कंपॅरेटर घेऊन उपयोग नाही. आधी बँडपास फिल्टर आणि थोडं गेन द्या.

फ्रिक्वेन्सी काउंटर १० मेगाहर्ट्झऐवजी भलताच आकडा दाखवतोय, किंवा सिग्नल काढला तरी मोजतोच आहे? एसी कपलिंगमुळे (सिग्नल कपॅसिटरमधून जोडल्यामुळे) सिग्नल नसताना दोन्ही इनपुट एकाच पातळीवर बसतात आणि नॉइजवर आउटपुट टॉगल होत राहतं. सिग्नल मायनस पिनवर असेल तर रेफरन्स व्होल्टेजपासून प्लस पिनपर्यंत १ किलोओहम आणि आउटपुटपासून प्लस पिनवर ३३० किलोओहम लावा. सुमारे १० मिलिव्होल्टचं हिस्टेरेसिस, म्हणजे चढत्या आणि उतरत्या थ्रेशोल्डमधलं अंतर, मिळतं. टीएलव्ही३५०१ कंपॅरेटरमध्ये ६ मिलिव्होल्टचं आतच आहे. तरीही डबल एज येत असतील तर सप्लाय पिनला खेटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आहे का आणि आउटपुटचा ट्रॅक इनपुटजवळून तर जात नाही ना, ते बघा. ब्रेडबोर्डवर हे तपासण्यात वेळ घालवू नका.

करंटचं बजेट मांडताना नुसता क्विसेंट (आउटपुट स्थिर असतानाचा) आकडा धरू नका. १५ पिकोफॅरडचा लोड ३.३ व्होल्टवर १० मेगाहर्ट्झने हलवायला सुमारे अर्धा मिलिअँपिअर लागतो. नॅनोअँपिअरवाले कंपॅरेटर बॅटरीचं व्होल्टेज बघायला छान, पण त्यांचा डिलेच मायक्रोसेकंदांत असतो. मोजताना ऑसिलोस्कोपच्या प्रोबचेही दहाएक पिकोफॅरड लोडमध्ये मिळतात. त्यामुळे सप्लाय करंटचं रीडिंग प्रोब काढूनच घ्या, आणि एज बघताना प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लावा. निम्मं रिंगिंग त्या वायरचंच असतं.