मुंबई–लंडन: अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः कसे काढाल

नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर मोजू नका. सपाट नकाशात उत्तरेकडचे देश ताणलेले असतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात तर तो मुंबईहून थेट कराचीजवळून वर सरकतो. खरा जवळचा मार्ग तो.

अंतर काढायला दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश लागतात. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचा, म्हणून फरक ७३.३२. कॅल्क्युलेटर रेडियनवर नाही, अंशांवर (डिग्री) आहे ना, हे पाहून मांडा:

साइन १९.०९ × साइन ५१.४७ + कोस १९.०९ × कोस ५१.४७ × कोस ७३.३२

उत्तर ०.४२५च्या आसपास येतं. त्याचा उलट कोस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) साधारण ६४.९ अंश. दर अंशाला १११.२ किमी, म्हणजे सुमारे ७,२०० किमी. (१९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. मिनिटांना ६० ने भागा.)

उड्डाणाचा अंदाज: किलोमीटर भागिले ८५०, अधिक धावपट्टीपर्यंतची ये-जा आणि चढ-उतार यांचा अर्धा तास. इथे नऊ तास येतात. प्रत्यक्षात जाताना जास्त लागतात, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि जाताना ते समोरून येतात. येताना तेच पाठीशी असतात. शिवाय एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केल्यावर त्यांच्या विमानांना वळसा पडला.

आता तिकिटावरच्या वेळा. सगळा घोळ इथेच होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची लंडनची. रात्री २:०० ते सकाळी ७:०० पाहून ‘पाच तासांत लंडन’ म्हणणारे भेटतातच. ‘फरक मिळवायचा की वजा करायचा’ हे पाठ करण्याच्या नादी लागू नका, परतीच्या प्रवासात ते हमखास उलटं होतं. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत आणा, मगच वजाबाकी करा. मुंबईच्या वेळेतून नेहमी ५:३० वजा: २:०० म्हणजे आदल्या दिवशीचे २०:३०. लंडनच्या वेळेतून उन्हाळ्यात १:०० वजा: ७:०० म्हणजे ६:००. मधले साडेनऊ तास हा तुमचा प्रवास.

‘उन्हाळ्यात’ हा शब्द सोडून देऊ नका. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यात लंडनची वेळ म्हणजेच यूटीसी, तेव्हा काहीच वजा करायचं नाही. जुलैतही साडेपाच तासांचा फरक धरलात की उत्तर एका तासाने चुकलंच. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी मार्चमध्ये जास्त जपावं. अमेरिकेची घड्याळं दुसऱ्याच रविवारी पुढे जातात, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन–न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.

परतीलाही हीच रीत. जुलैत लंडन २१:०० म्हणजे यूटीसी २०:००, दुसऱ्या दिवशी मुंबई १०:३० म्हणजे यूटीसी ५:००. नऊ तास.

आणि तारीख नीट वाचा. ‘१५ तारीख, ००:३०’ असं छापलेलं विमान पकडायला घरातून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचं असतं.