बाहुलीघरातील खगोलदालन : या चुका टाळा

बाहुलीघरासाठी सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:१२ हे आहे, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तिथे एक इंच होतो. आकाशनिरीक्षकाची खोली या प्रमाणात सजवताना ज्या चुका होतात, त्यांतल्या बऱ्याचशा हस्तकौशल्याच्या नसतात. खरी वस्तू केवढी असते आणि ती वापरतात कशी, हे न पाहताच कात्री हातात घेतल्यामुळे त्या होतात.

दुर्बिणीसाठी रिकाम्या पेनाची नळी घेण्याचा मोह टाळावा. ती साधारण १० मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या मापात १२ सेंटिमीटर, आणि एवढी मोठी भिंगाची दुर्बीण घरगुती तिपाईवर सहसा नसते. नवशिक्यांची ७० मिलिमीटर भिंगाची आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा जिथे उमटते तिथवरच्या अंतराची) दुर्बीण या प्रमाणात सुमारे ६ मिलिमीटर जाड आणि साडेसात सेंटिमीटर लांब होते. त्यासाठी शरबताची साधी नळी पुरते. मात्र गुळगुळीत प्लॅस्टिकवर अॅक्रिलिक रंग धरत नाही व नखाने सालपटासारखा निघतो, म्हणून नळीवर आधी पातळ कागद चिकटवून मगच रंगवावे.

नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे छोटे भिंग, चुकीच्या जागी बसवणे ही तर हमखास दिसणारी चूक. भिंगाच्या दुर्बिणीत डोळा मागच्या टोकाला लावतात. न्यूटनच्या पद्धतीच्या आरशाच्या दुर्बिणीत मात्र मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो आणि नेत्रिका वरच्या, उघड्या तोंडाजवळ बाजूला असते. जाडजूड नळी करून तिच्या बुडाशी नेत्रिका चिकटवली, तर आकाश पाहणाऱ्या कोणालाही ती वस्तू खटकते. सहा इंची आरशाची दुर्बीण करायची असेल, तर सुमारे १० सेंटिमीटर लांब नळी पुठ्ठ्याच्या बसक्या, फिरत्या खोक्यात बसवावी. अशा डॉब्सोनियन दुर्बिणीला तिपाई लागतच नाही, आणि माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी तीच अधिक सोयीची आहे.

तिपाई कलंडत असेल तर दोष बहुधा पायांचा नसून तोलाचा असतो. सगळे भाग लावून झाल्यावर नळी दोऱ्याने टांगावी, ती जिथे आडवी स्थिरावते तिथे खूण करावी आणि तिथेच सांधा द्यावा. पायांसाठी अडीच मिलिमीटर जाडीच्या बांबूच्या काड्या योग्य ठरतात. फेविक्विकने त्या जोडू नयेत, कारण कोन सुधारायला ते वेळच देत नाही. थर्मोकोलच्या तुकड्यावर वर्तुळ काढून, त्यावर १२० अंशांच्या अंतराने पाय खोचून, वरचा सांधा फेविकॉलने रात्रभर सुकू द्यावा. विषुववृत्तीय बैठक, म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्याबरोबर दुर्बीण वळवता येणारी बैठक, दाखवायची असेल तर तिचा ध्रुवाकडे वळलेला अक्ष त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका कललेला हवा : घर पुण्यातले असेल तर साडेअठरा अंश, लंडनमधले असेल तर साडेएक्कावन्न.

फेविक्विकचा आणखी एक उपद्रव असा की, त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकच्या भिंगावर पांढरट धुरकटपणा येतो. भिंगाला नेहमी पांढरा गोंदच वापरावा. थर्मोकोलच्या गोळ्यावर तर फेविक्विक आणि स्प्रेचा रंग हे दोन्ही वर्ज्य आहेत, कारण त्यांनी गोळा विरघळून खड्डे पडतात. ग्रहांसाठी लाकडी मणीच घ्यावेत.

तारकागोलातील चूक अधिक सूक्ष्म आहे. आकाशाचा नकाशा आपण आतून, खालून वर पाहताना दिसते तसा असतो, तर गोल आपण बाहेरून पाहतो. त्यामुळे गोलावरील तारकासमूह आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलटे असायला हवेत. नकाशात मृगातील काक्षी (बेटेलज्यूस) हा तारा वर डावीकडे आणि राजन्य (रायजेल) खाली उजवीकडे असेल, तर गोलावर काक्षी उजवीकडे जाते. म्हणून चित्र छापण्यापूर्वी संगणकावर डावे-उजवे पालटून घ्यावे. इंकजेटवर छापलेल्या कागदाची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते. लेझर प्रिंट घेतल्यास ही अडचण येत नाही. खरा गोल ३० सेंटिमीटरचा धरला तर आपला मणी २५ मिलिमीटरचा होतो. एवढ्याशा मण्यावर कागदाच्या बारा फाका (संत्र्याच्या फोडींसारख्या टोकदार पट्ट्या) चिकटवण्यापेक्षा गडद निळा रंग देऊन टाचणीच्या टोकाने तारे टिपणे सोपे जाते. चमकी मात्र टाळावी, कारण एक मिलिमीटरचा कणसुद्धा त्या खोलीत सव्वा सेंटिमीटरचा होतो.

सूर्यमालेची फिरती प्रतिकृती खऱ्या प्रमाणात करण्याचा हट्ट व्यर्थ आहे. पृथ्वी एक मिलिमीटरची घेतली तर सूर्य जवळजवळ ११ सेंटिमीटरचा होतो आणि दोघांतले अंतर पावणेबारा मीटर भरते. खऱ्या यांत्रिक ग्रहमालाही प्रमाणात नसतात. त्यामुळे सूर्य १० मिलिमीटर, गुरू ६, शनी ५, पृथ्वी आणि शुक्र ३, बुध २ असा केवळ लहानमोठेपणाचा क्रम राखला तरी पुरे. शनीचे कडे मात्र बाहेरून सुमारे ११ मिलिमीटर हवे. ते मण्याला चिकटू न देता आत बारीक फट ठेवावी. ग्रहांचे मणी धरणाऱ्या धातूच्या तारा एकमेकींत अडकत असतील तर त्या मधल्या दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर गुंडाळाव्यात. खोलीचा काळ कोणता, हेही आधी ठरवावे. युरेनसचा शोध १७८१ मध्ये, नेपच्यूनचा १८४६ मध्ये लागला, म्हणून अठराव्या शतकाच्या मध्यातल्या अभ्यासिकेत शनीपाशीच थांबले पाहिजे. प्लूटो १९३० ते २००६ या काळातल्या खोलीतच ग्रह म्हणून शोभतो.

प्रकाशयोजनेत अनेकजण पांढरे एलईडी लावतात, पण निरीक्षक अंधाराला सरावलेली नजर टिकवण्यासाठी मंद तांबडा दिवा वापरतात, तेव्हा टेबलावरचा दिवा तांबडाच असावा. तीन व्होल्टच्या नाणेसेलवर एक एलईडी सहसा चालतो. यूएसबीच्या पाच व्होल्टवर मात्र मालिकेत रोधक (रेझिस्टर) न जोडल्यास तो जळतो.