फॉर्म असा बनवा की लोक मधेच सोडून जाणार नाहीत

साइनअप असो की चेकआउट, आधी एकेक फील्ड (भरायचा रकाना) बघा की ही माहिती आत्ताच लागते का, नसेल तर सरळ काढा, नंतर मागता येते. लेबल बॉक्सच्या वर ठेवा, नुसत्या प्लेसहोल्डरवर (बॉक्सच्या आतल्या फिकट सूचनेवर) भागवू नका कारण टाइप करायला लागलं की तो गायब होतो आणि माणूस विसरतो इथं काय भरायचं होतं. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनच्या सफारीत टॅप केल्यावर पेज आपोआप झूम होतं, फार वैताग येतो. बटण ४४-४८ पिक्सेल उंच, मजकूर आणि त्यामागच्या रंगातला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५:१.

एरर मेसेजवर मात्र खरंच वेळ घालवा, हे काम बऱ्याचदा शेवटी घाईत उरकलं जातं. 'इनव्हॅलिड इनपुट' वाचून समोरच्यानं काय समजायचं? 'पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा' असं त्याच फील्डखाली लिहा, नुसता लाल रंग पुरत नाही कारण काहींना लाल-हिरवा फरक कळत नाही, आणि बाकी भरलेलं सगळं तसंच राहू द्या प्लीज!

मग ४-५ जणांच्या हातात फोन देऊन फॉर्म भरायला सांगा, तुम्ही मधे अजिबात बोलायचं नाही, ते जिथं अडतील तिथंच दुरुस्ती करायची.