मराठीतील अरबी शब्दांचे मूळ शोधताना या चुका टाळा

मराठीतले बहुतेक अरबी शब्द थेट अरबीतून आलेले नाहीत. बहमनी, आदिलशाही आणि निजामशाही दप्तरांतल्या फारसीच्या हातून ते आपल्याकडे पोहोचले. हे विसरून केवळ कानाला जे ऐकू येते त्यावरून मूळ ठरवले, की घोटाळा होतो. अरबीत चार वेगवेगळ्या ध्वनींची जी चार अक्षरे आहेत, त्यांचा फारसीत एकच उच्चार झाला आणि देवनागरीत त्यांचा सरसकट ‘ज’ किंवा ‘झ’ झाला. त्यामुळे नजर आणि नजराणा हे सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात नजर, नाझर व मंजूर हे ‘पाहणे’ या अर्थाच्या धातूचे शब्द आहेत, तर नजराण्यातला अरबी भाग नवस किंवा अर्पण या अर्थाच्या वेगळ्याच धातूचा असून त्याचा ‘-आणा’ हा प्रत्यय फारसी आहे. जामीन अरबी, पण जमीन फारसी. शंका आली, की मूळ लिपीतले लेखन पाहावे.

दुसरी चूक संस्कृतच्या सवयीतून होते. उपसर्ग आणि प्रत्यय सोडवून धातू काढण्याची रीत येथे पुरेशी पडत नाही, कारण अरबीत सामान्यतः तीन व्यंजने कायम राहतात आणि त्यांच्याभोवतीचा साचा बदलतो. ‘त्यात काय हशील?’ असे आपण म्हणतो तो हशील, सरकारी महसूल आणि तहसील हे तिन्ही ह-स-ल या एकाच धातूचे आहेत. हशील हे कर्तृवाचक रूप, म्हणजे निष्पन्न होणारे. महसूल हे कर्मवाचक, म्हणजे मिळवलेले. तहसील हे क्रियावाचक नाम, म्हणजे वसूल करणे. महसुलाच्याच साच्यात मजकूर बसतो. त्याचा मूळ अर्थ ‘उल्लेखिलेला’, म्हणूनच जुन्या कागदांत ‘कसबे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला कसबा. तहसीलच्या साच्यात तजवीज आणि तपशील बसतात. तपशिलातला ‘प’ मात्र मूळचा ‘फ’ आहे. अरबीत ‘प’ नाही.

अनेकवचनांबाबत उलटा अतिरेक दिसतो. अहवाल हे ‘हाल’चे, अखबार हे ‘खबर’चे आणि उमराव हे ‘अमीर’चे अनेकवचन, असामी तर अनेकवचनाचेही अनेकवचन आहे. तरीही ‘एक अहवाल’ लिहिणाऱ्याला चुकीचे ठरवणे हा निव्वळ पंडिती हट्ट आहे, कारण मराठीत तो शब्द एकवचनी म्हणूनच रुळला आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक पेशवेकालीन कागदांच्या शुहूर सनात, म्हणजे त्या काळच्या दप्तरी कालगणनेत, होते. तेथे वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहितात आणि एकक दशकाच्या आधी येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. ‘सबा’ म्हणजे सात आणि ‘सबैन’ म्हणजे सत्तर. घाईच्या मोडीत ही दोन्ही सहज गल्लत करवतात. ‘मयातैन’ हे शंभराचे द्विवचन, म्हणून दोनशे. ते नुसते ‘मया’ वाचले, तर कागद शंभर वर्षांनी मागे जातो. इसवी सन काढताना सरसकट ६०० मिळवण्याची सवयही घातक आहे. हे वर्ष मृग लागताना बदलते; म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावेत. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ मधली, म्हणजे ११६१ याच सनातली.