आधी बंड गार्डन, मग ताम्हिणी

आमच्या सोसायटीतली मंडळी विचारतात, "काकू, पक्षी बघायला ताम्हिणी घाटातल्या जंगलात कधी नेताय?" मी म्हणते, आधी पुण्यातच, नदीकाठच्या बंड गार्डन बागेत या. जंगलात नुसता आवाज ऐकू येतो आणि मान अवघडते. नव्या माणसाला उघड्या पाण्यावरचे, निवांत उभे राहणारे पक्षीच बरे.

डिसेंबर-जानेवारीत या. पाहुणे पक्षी तेव्हा हमखास असतात. सकाळी सात-साडेसातला पोचा. दुर्बीण ८ बाय ४२ची घ्या (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग ४२ मिलिमीटरची). जास्त ताकदीच्या मोहात पडू नका, हात हलतो आणि चित्र नाचतं. कॅमेरा पहिले काही रविवार घरीच राहू दे.

आता मुख्य गोष्ट, उभं कुठे राहायचं. बाग मुळा-मुठेच्या दक्षिण काठावर आहे आणि हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून वर येतो. नदीपलीकडच्या येरवड्याकडे तोंड करून उभं राहिलात की ऊन पाठीशी आणि पक्ष्यांचे रंग तुमच्यासमोर. पलीकडे डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, झाडी तिकडे उत्तम. पण तिथून सकाळी नदीकडे पाहाल तर बगळाही काळा दिसेल.

१८६९ सालचा फिट्झगेराल्ड पूलही सोयीचा. वाहनं नाहीत, कठड्याला कोपर टेकता येतं. पश्चिमेकडच्या कठड्याशी उभे राहा.

पाण्याच्या मध्यावर डोळे लावून बसू नका, कडेकडेने नजर फिरवा. चिखलात गुलाबी, काटकुळ्या लांब पायांवर चालणारा काळा-पांढरा पक्षी म्हणजे शेकाट्या. सांडपाण्याच्या चिखलातल्या अळ्या त्याला भरपूर मिळतात, म्हणून नदीचा वास वाढला तरी हा मजेत. (पक्षी भरपूर म्हणजे नदी स्वच्छ, असं कुणी सांगितलं तर हा दाखवा.) चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी तांबडा ठिपका दिसला की हळदी-कुंकू बदक, नाव पुन्हा विसरणार नाही. मातकट रंगाचा, काठावर खांदे पाडून बसलेला वंचक उडेपर्यंत दिसतच नाही. उडाला की एकदम पांढरे पंख!

धोबी आणि तुतवार यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. दोघंही मागचा भाग सतत हलवतात. शेपटी लांब असेल तर धोबी. तुतवाराची आखूड असते, आणि छातीचा पांढरा रंग खांद्याशी वर घुसलेला दिसतो. खंड्याचंही तसंच: पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबून सूर मारणारा काळा-पांढरा तो कवड्या. छाती पांढरी, पाठ निळी आणि चोच लाल असेल तर साधा खंड्या. त्याला मासाच लागतो असं नाही, नाकतोडा, सरडाही चालतो. म्हणून तो बागेतल्या तारेवरही भेटतो.

पक्षी दिसला की लगेच मोबाईल काढून नाव शोधू नका. आधी चोच, पाय, शेपूट आणि तो काय करतोय, एवढं वहीत लिहा. नाव घरी शोधा, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद चहा पिताना करा.

ऊन चढलं की पाण्याचा नाद सोडून झाडांकडे वळा. वड-पिंपळ फळांवर असेल तर तांबट आणि राखी धनेश तिथेच सापडतील. आणि पाव, फरसाण टाकून पक्षी बोलावणाऱ्यांबरोबर उभे राहू नका. तिथे फक्त कबुतरं येतात.