ओओ स्केलमध्ये कालवा आणि दगडी भिंती

इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांचं पाणी गढूळ आणि संथ असतं. काठावरून तळ दिसत नाही, लाटा तर नसतातच. मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर कालवा करताना नेमकं हेच विसरलं जातं आणि महागडं रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक) ओतून स्विमिंग पूल तयार होतो. वेळ आणि पैसा घालायचा तो काठाच्या दगडांवर. दगड नीट झाले आणि पाण्याची पातळी बरोबर बसली की पाणी म्हणून नुसता रंगवलेला चकचकीत पत्रासुद्धा खपून जातो.

इथे नमुना घेतला आहे उत्तर इंग्लंडच्या पेनाइन टेकड्यांमधल्या हडर्सफील्ड नॅरो कालव्याचा. १८११ मध्ये तो पूर्ण झाला, त्यावर ७४ लॉक (पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणारे दारांचे कप्पे) होते, आणि स्टँडेज इथला त्याचा बोगदा पाच किलोमीटर लांब आहे. त्याच डोंगरातून १८४८, १८७१ आणि १८९४ साली रेल्वेचे बोगदे निघाले, तेही कालव्याला समांतर. अपरमिलजवळ तर रेल्वेचा दगडी पूल थेट कालव्यावरून जातो. त्यामुळे रूळ आणि कालवा खेटून दाखवले तर ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. दगड तिथलाच, जात्यांसाठी काढला जायचा तो खडबडीत वालुकाश्म. मुळात पिवळट बदामी, पण गिरण्यांच्या धुरानं काळवंडलेला.

हत्यार हातात घेण्याआधी साल ठरवा. हा कालवा १९४४ मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला आणि २००१ मध्ये पुन्हा खुला झाला. वाफेच्या इंजिनांचा १९५५ चा लेआउट असेल तर इथे रंगीत नाव तरंगवू नका. कुजलेली दारं, काठावर माजलेलं गवत, अर्ध्या भागात पाणवनस्पती हेच खरं. झगमगीत नावा हव्या असतील तर रुळांवर आजच्या डिझेल गाड्या हव्यात.

मापं

ओओ म्हणजे १:७६, अर्थात ४ मिमीला एक फूट. त्याहून लहान अशा ब्रिटिश एन स्केलसाठी खालची मापं ढोबळमानानं निम्मी करा.

अरुंद कालव्यावरची नाव ६ फूट १० इंच रुंद आणि ७० फूट लांब, म्हणजे मॉडेलमध्ये २७ बाय २८० मिमी. लॉक ७ फुटांचं, म्हणजे २८ मिमी रुंद. मोकळा कालवा १०० ते १२० मिमी रुंद ठेवा. घोडे ज्या काठावरून नावा ओढत ती वाट ३२ ते ४० मिमी. पुलाखाली कालवा आणि वाट दोन्ही आक्रसतात, पाणी जेमतेम एका नावेपुरतं उरतं. जागा कमी पडली तर कालव्याची लांबी कापा, लॉकची आणि नावेची कापू नका. आखूड नाव बघणाऱ्याला लगेच खटकते. आखूड कालवा पुलामागे लपतो.

पाण्याची पातळी काठाच्या दगडांच्या माथ्यापासून ४ ते ६ मिमी खाली. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पाणी १५-२० मिमी खाली गेलं की कालव्याची गटार दिसायला लागते. रूळ आणि घोड्याची वाट यांच्यात ४५ ते ५० मिमीची उंच भिंत मात्र शोभते. रुळाकडेची कुठलीही भिंत सरळ मार्गावर रुळांच्या मध्यापासून किमान ३२ मिमी दूर हवी. वळणावर आकड्यावर विसंबू नका. आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा हातानं फिरवा, त्याच्या कोपऱ्याला आणि पोटाला पेन्सिल धरून रेघ मारा आणि भिंत त्या रेघेच्या बाहेर ठेवा.

घडीव दगडाची भिंत

हार्डवेअरच्या दुकानातलं पीओपी डोंगरासाठी ठीक, पण कोरताना दगडाच्या कडा भुगा होऊन पडतात. दातांच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून डेंटल प्लास्टर आणा. काचेवर ४ मिमी जाडीच्या सनबोर्डच्या पट्ट्या चिकटवून ३०० बाय ६० मिमीची चौकट करा, पट्ट्यांना तेलाचं बोट फिरवा. १०० ग्रॅम प्लास्टरला ५० मिली पाणी. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही. अर्धा मिनिट भिजू द्या, मग सावकाश ढवळा. जोरात फेटलं तर हवा शिरते आणि नंतर दगडांवर देवीचे व्रण उठतात. ओतल्यावर काच खालून टिचकीनं वाजवा, बुडबुडे वर येतात. पाऊण तासानं घट्ट झालेला प्लास्टरचा पत्रा काचेवरून सरकवून काढा. काचेकडची गुळगुळीत बाजू कोरायची.

त्याच दिवशी, पत्रा दमट असताना कोरा. सुई धरलेलं पिन व्हाइस (बारीक सुई पकडणारी छोटी मूठ) पुरतं. आधी आडव्या रेघा, म्हणजे रद्दे. खालचे रद्दे ४ मिमी, वर जाताना ३.५ आणि ३ मिमी, मध्येच एखादा २.५ मिमीचा. सगळे एका उंचीचे केले की भिंत बाथरूमच्या टाइल्ससारखी दिसते. मग उभे सांधे. दगडाची लांबी उंचीच्या दीड ते तीन पट ठेवा आणि सांधमोड पाळा: वरचा उभा सांधा खालच्या दगडाच्या मधल्या तृतीयांशात पडला पाहिजे. दोन सांधे एकाखाली एक आले की खरी भिंत तिथे तडकते, आणि पाथरवटाला न कळणाऱ्या नजरेलाही ते बोचतं. रेघेची खोली ०.३ मिमीच्या आसपास. अर्ध्या इंचाची दरज या स्केलला पाव मिमीसुद्धा भरत नाही, तेव्हा नांगरट नको. दर दोन रद्द्यांनी कोरड्या टूथब्रशनं भुकटी झाडा. ती ओली होऊन दरजांत बसली तर सगळं पुन्हा कोरावं लागतं. शेवटी दहातल्या एखाद्या दगडाचा पृष्ठभाग पात्यानं किंचित खरवडा, दोन-तीन दगडांचे कोपरे उडवा.

कोपऱ्यावर दोन पत्रे ४५ अंशांत घासून फेव्हिकॉलनं जोडा आणि रद्दे जोडल्यावरच कोपऱ्यावरून पलीकडे न्या. आधी कोरून मग जोडले तर रेघा जुळत नाहीत. कोपऱ्याचा दगड एका रद्द्यात या बाजूला लांब, पुढच्या रद्द्यात त्या बाजूला लांब. कमानीचे दगड विषम संख्येत घ्या, म्हणजे कळीचा दगड बरोबर मध्ये येतो.

वळणावरच्या भिंतीला प्लास्टर चालत नाही, वाळलेला पत्रा वाकत नाही. तिथे ५ मिमी फोमबोर्ड घ्या, एका बाजूचा कागद ओल्या फडक्यानं भिजवून सोला, उघड्या फोमवर बोथट बॉलपेननं दगड दाबून काढा आणि मागच्या कागदाला दर १० मिमीवर उभा छेद द्या. वळण आपोआप बसतं.

गडगा

टेकडीवरच्या कुरणांच्या भिंती म्हणजे आपला कोकणातला गडगाच: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. फरक एवढाच की तिथला दगड चपटा आणि लांब, आपल्या जांभ्यासारखा ओबडधोबड नाही.

उंची १८ ते २० मिमी, पायथ्याला ९ मिमी रुंद, माथ्याला ५. गाभ्याला ३ मिमी सनबोर्डची १५ मिमी उंच पट्टी उभी करा, दोन्ही बाजूंना फेव्हिकॉल फासा आणि तो ओला असतानाच हवेवर वाळणारी माती लावा, वर एक मिमी, खाली तीन. गोंद सुकल्यावर लावली तर माती वाळताना आकसते आणि पापुद्र्यासारखी सुटते. वरून ओलसर फडकं टाकून एक रात्र सावकाश वाळू द्या. पंख्याखाली ठेवली की आरपार चिरा. माती बोटाचा ठसा घ्यायचं थांबली की कोरा. माथ्यावरचे दगड उभे असतात, पुस्तकांच्या फळीसारखे एकमेकांवर रेललेले. त्यासाठी मातीची दीड मिमी जाड पोळी वाळवून तिचे तुकडे मोडा आणि एकेक चिकटवा. कंटाळवाणं काम आहे, पण पट्टी एकसंध ठेवून नुसत्या खाचा पाडल्या तर लपत नाही.

चढावर दगडांचे थर आडवेच राहतात, उताराबरोबर वाकत नाहीत. माथ्याची ओळ तेवढी चढ धरते.

रंग

भिंती जागेवर बसवण्याआधी रंगवा. अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून आधी पिवळट करडा हात. वाळल्यावर दर आठ-दहा दगडांतला एक वेगळ्या छटेनं भरा: थोडा तपकिरी, थोडा हिरवट, एखादा जवळजवळ काळा. बांधीव भिंतीत फिकट राखाडी पातळ रंग सोडून लगेच पृष्ठभाग पुसा, दरजा तेवढ्या भरलेल्या राहतात. गडग्याला हे करू नका. त्यात दरजा नसतात, नुसत्या सावल्या असतात, तिथे गडद तपकिरी जातो. मग काजळी: गडद तपकिरीत थोडा काळा घालून वरून खाली ओघळू द्या. शुद्ध काळा वापरला तर दगड कोळशाचा वाटतो. पाण्यालगतची ३-४ मिमीची पट्टी हिरवट काळी.

काठाचे दगड ८ ते १६ मिमी लांब आणि ५ मिमी रुंद, पाण्याकडची कड पॉलिश पेपरनं किंचित गोल. पुलाखाली घोड्याच्या वाटेकडच्या दगडी कोपऱ्यावर दोरखंडाच्या घासण्यानं पडलेले चर असतात. ओल्या वाळूनं माखलेला दोर तिथेच वर्षानुवर्षं घासला जायचा. पातळ कानशीनं जमिनीपासून ८ ते १५ मिमी उंचीवर पाच-सहा आडवे चर घासा, सगळे वेगवेगळ्या खोलीचे, अर्ध्या मिमीहून कमी, आणि त्यांच्या आत रंग फिकट ठेवा, कारण घासलेला दगड काजळी धरत नाही.

लॉक

खालच्या टोकाला बहुधा दोन दारं, वरच्या टोकाला एकच. दोन दारं मिटल्यावर होणारा कोन नेहमी वरच्या पाण्याकडे, कारण पाण्याचा दाबच ती घट्ट मिटवतो. उलटी बसवली तर कालवा रिकामा होईल हे जाणकाराला लांबूनच कळतं. दारं ढकलायचे लाकडी दांडे काळे, टोकं पांढरी. वरच्या आणि खालच्या पाण्यात ३२ ते ४० मिमीचा फरक. खालच्या दारांच्या फटीतून थोडं पाणी झिरपताना दाखवायला ग्लॉस जेलचे (वाळल्यावर चकचकीत पारदर्शक होणाऱ्या लेपाचे) दोन-तीन बारीक ओघळ पुरे.

पाणी

आमची पसंती अॅक्रिलिक शीटला, रेझिनला नाही. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ३ मिमी पारदर्शक शीट कापून घ्या. खालच्या बाजूनं रंगवा: मधोमध गडद तपकिरी-हिरवा, काठाकडे थोडा फिकट चिखली, आणि त्यावर काळ्याचा एक पूर्ण हात. शीट काठाच्या दगडांखाली दोन्ही बाजूंना ५ मिमी सरकलेली हवी, म्हणजे कड दिसत नाही. टोकांना मात्र मोकळीक ठेवा. एक मीटर शीट २० अंशांच्या फरकानं सुमारे दीड मिमी लांबते. मे महिन्यात गच्च बसलेली शीट मध्येच फुगून वर येते. जोड पुलाखाली घ्या. बसवण्याआधी पाणसळ दोन्ही दिशांना ठेवा, उतरतं पाणी कुणीच माफ करत नाही.

नाव पाण्याच्या रेषेवर कापा, तळाचे ८ मिमी काढून टाका. नावेभोवती आणि काठाच्या कडेला ग्लॉस जेलचा केसाएवढा धागा ओढला की ती वर ठेवल्यासारखी न दिसता बुडालेली दिसते.

रेझिनच हवं असेल तर हिशेब आधी करा. ६०० बाय ११० मिमीच्या कालव्यात २ मिमी थराला १३२ मिली लागतं. एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त ओतू नका, उष्णता वाढून पिवळेपणा आणि तडे येतात. भिंती आणि तळ आधी दोन हात वार्निशनं बंद करा, नाहीतर प्लास्टरमधली हवा बुडबुडे होऊन रात्रभर वर येत राहते. सुईच्या टोकाएवढं भोकही रेझिन शोधून काढतं, म्हणून टोकांना सिलिकॉन. ते भिंतीवर एक-दोन मिमी चढतंच. तेवढी पट्टी नंतर मॅट वार्निशनं मारा. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ओतणं टाळा. दमट हवेत इपॉक्सी रेझिनवर तेलकट साय येते. आलीच तर साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पुढचा थर त्यावर तसाच ओतू नका. खाली थर्माकोल असेल तर थिनरवालं वार्निश जवळपासही आणू नका, ते थर्माकोल खातं.

गवत आणि खडी सगळ्यात शेवटी येतात, म्हणून शीटचा वरचा संरक्षक कागद तोवर काढू नका. फक्त काठाखाली आणि नावेखाली जाणारी पट्टी तेवढी आधी सोला, नंतर तिथला कागद निघत नाही.