मे महिन्यातला खड्डा खोटं बोलतो

लँडस्केपच्या कामात येऊ बघणारी पोरं भेटली की मी आधी त्यांना माझी मेलेली झाडं सांगते. चाळीस लावली होती, सव्वीस गेली. माझं पहिलंच स्वतंत्र काम, कोल्हापुरात कसबा बावड्याच्या अंगाला एका वसाहतीची बाग. बहावा, बकुळ, सीता अशोक, थोडा कडुनिंब. सगळी रोपं मी स्वतः नर्सरीत उभी राहून निवडलेली. देशी झाडं लावली की आपण सुटलो, असं तेव्हा वाटायचं.

ठिबक, कंपोस्ट, छपराचं पाणी साठवणं, गुलमोहर मादागास्करचा आणि ताम्हण आपलं, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते परत उगाळत नाही. मला जिथं मार बसला तेवढंच सांगते, आणि त्यात जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

नदीकडची काळी चिकण जमीन. निचरा तपासायचा असतो हे मला माहीत होतं आणि मी तो तपासलाही. मे महिन्यात फूटभर खड्डा, बादलीभर पाणी, हातात घड्याळ. पाणी बघता बघता गायब. मी खूश. पण काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पाणी मुरलं नव्हतं, भेगांत पळालं होतं. हीच माती जूनच्या चार पावसांत फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी जागचं हलत नाही. म्हणून खड्डा एकदा भरून भागत नाही. भरा, रात्रभर भिजू द्या, सकाळी पुन्हा भरा, आणि माप घ्यायचं ते या दुसऱ्या पाण्याचं. भेगा बोटभर रुंद असतील तर दोन-तीन रात्री हेच करा. तासाला इंचभर पाणी उतरलं तर ठीक. अर्ध्या इंचावर अडलं तर तिथं बहावा-कडुनिंबाचं नाव काढू नका.

दुसरी चूक पहिलीच्याच पोटातली. तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे जेसीबीनं काढून घेतले, निघालेली काळी माती फेकून दिली आणि ट्रॉलीनं लाल माती, शेणखत, साखर कारखान्यावरचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणून भरलं. झाडाला गादी घातली असं वाटत होतं. भुसभुशीत माती पाऊस पटकन पिते, भोवतालची काळी माती तो बाहेर सोडत नाही. त्यात जेसीबीच्या बकेटनं खड्ड्याच्या भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत केलेल्या. जुलैत झड लागली आणि चाळीसच्या चाळीस खड्डे भरले.

पानं पिवळी पडली, मग शेंड्यांनी माना टाकल्या. आता इथं नीट वाचा. पाण्यात गुदमरणारं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं. मुळांना हवा लागते. ती मिळेना की मुळं पाणी ओढायचं थांबवतात आणि खाली हौदभर पाणी असून वर पानं सुकतात. मी काय करावं? युरिया दिला. मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तर वरून पाणीही घातलं. बी.एस्सी. ॲग्री झालेली बाई मी.

शेवटी तिथल्या माळीमामांनी एक बकुळ हातानं उपटून माझ्यापुढं धरली. मुळं काळी, गटारीचा वास. "पोरी, ह्यो खड्डा न्हवं, हौद खणलाईस तू." त्यांना हे जूनमध्येच दिसलं होतं. मग बोलला का नाही, म्हटलं. तर म्हणाले, "तू इचारलंस कवा?"

त्यावरून गुरूबद्दल माझं एक मत झालंय, पटलं नाही तर सोडून द्या. जो माणूस जुलैत साईटवर चिखल तुडवत नाही त्याच्याकडं उमेदवारी करू नका, मग त्याच्या ऑफिसात कितीही देखणी चित्रं टांगलेली असोत. आठ दिवसांत प्रमाणपत्र देणारे कोर्स तर माझ्या डोक्यात जातात. त्यापेक्षा एक पावसाळा नर्सरीत पिशव्या भरा. मियावाकीचं, म्हणजे दाट जंगल लावायच्या जपानी पद्धतीचंही तसंच. चौरस मीटरला तीन-चार रोपं हे वाईट नाही, पण माती तयार करायची मेहनत गाळून नुसती दाटी करायची आणि पाहुण्यांचा फोटो काढायचा, हे मला बघवत नाही. आणि कोनोकार्पस हे परदेशी झाड मागणारं गिऱ्हाईक आलं तर सरळ नाही म्हणा. गुजरातनं २०२३ मध्ये त्यावर बंदी घातली, आपल्याकडं अजून कंपाउंडला ओळीनं लावायला सांगतात.

एवढं ऐकून घाबरू नका मात्र. चिकण जमिनीतही झकास बाग होते. मी आता झाड फूट-दीड फूट उंच, पसरट वरंब्यावर लावते. निघालेलीच माती परत घालते, खत वरून देते, खड्ड्याच्या भिंती पहारीनं खरवडून घेते. वरंब्यांच्या मधून उथळ चर काढून पाणी एका सखल कोपऱ्यात नेते आणि तिथं अर्जुन, जांभूळ, करंज, कदंब. वाळुंज तर नदीकाठचाच. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पाटबंधारे खात्यानं आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई, म्हणून ती जागा बहुधा बागेच्या वाट्याला येते, आणि नेमकी तिथंच लोकांना नाजूक फुलझाडं आणि लॉन हवी असते. विद्यापीठाकडं, सागरमाळाच्या बाजूला गेलात तर सगळं उलटं. मुरूम, वर वीतभर माती, पाणी थांबतच नाही. त्यामुळं एका कामाचं ड्रॉइंग दुसऱ्या कामाला चिकटवू नका.

लॉनला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. दोनशे चौरस मीटरची लॉन म्हणजे रोजचं हजारभर लिटर. तिच्यावर टाकलेला युरिया पावसात गटारीत, गटारीतून जयंती नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत. रंकाळा तलावातल्या केंदाळाला नावं ठेवताना हे आठवत जा. आच्छादनाला विकतचं काही लागत नाही. पेटवायला काढलेलं उसाचं पाचट शेतकरी हौसेनं देतो. खोडापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी.

पैशाचंही सांगते. ती सव्वीस झाडं मी पदरमोड करून पुन्हा लावली, त्या वर्षी हातात काही उरलं नाही. करारात देखभालीचं कलम नव्हतं, चूकही माझी, मग बोलणार काय? आता तीन वर्षांची देखभाल वेगळी लिहून घेते. पाणी कोण घालणार, आधाराला बांधलेली तार कोण सैल करणार, गवंडी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायला आला तर अडवणार कोण, नावानिशी. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवती मीटरभर जागा काँक्रीटविना ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडं त्यासाठी अजून गवंड्याशी भांडावं लागतं.

गेल्या मेमध्ये एका बंगल्याच्या कामावर पहिल्या दिवशी पाणी अर्ध्या तासात उतरलं. मालक म्हणाले, "झालं की मॅडम, लावा झाडं." मी परत भरायला लावलं, दुसऱ्या रात्रीही भरायला लावलं. तिसऱ्या सकाळी खड्ड्यात पाणी तसंच उभं होतं, वर दोन पिवळी पानं तरंगत होती. मी पट्टी बुडवून आकडा वहीत लिहिला आणि यादीतले सातही बहावे खोडले.